शिडीवर पहिला

लालबाग, रविवार रात्र

चि. सुहास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ताट अर्धं टाकून उठलास ते मनातून जात नाही. पहाटे बॅग उचललीस तेव्हा मी जागाच होतो, पण कूस बदलून पडून राहिलो. उठायला हवं होतं. म्हणून हे पत्र. कुठे निघालास ते विचारत नाही.

तुझ्या नौदलातल्या कमांडोच्या कामावर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. घरचं सांगतो. माईच्या डोळ्याची पट्टी शुक्रवारी काढली, आता बरं दिसतं. ताईचं पुण्याचं अजून ठरत नाही.

तुझे तळहात मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत. घास करताना उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी दोराने सोललेली कातडी, तिच्या कडेला पिवळट घट्टा. अडतीस वर्षं डॉकयार्डात फिटर होतो, घट्टे मलाही होते, पण ते पान्याचे. हे बघितलं आणि तोंडातून गेलं, परक्या जहाजावर चढायच्या शिडीवर दर वेळी पहिला तूच का? तू म्हणालास, "कुणीतरी पहिला असतोच, बाबा." यावर मी आवाज चढवला. चुकलं माझं.

करंज्याहून ‘अभिमन्यू’ तळावरचं कमांडो ट्रेनिंग संपवून आलास ती रात्र आठवते. गॅलरीत बसून तू सांगत होतास की शिडाच्या जहाजांवर खलाशी वेगळे आणि मरीन, म्हणजे जहाजावरचे सैनिक, वेगळे. दारूकोठाराच्या, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराच्या, दारावर पहारा मरीनचा, लढाईत डोलकाठीवरून बंदुका चालवायच्या त्याही त्यांनीच. आपल्याकडे अशी वेगळी मरीन कोअर नाही, १९८७ साली नौदलातलेच निवडून तुमचं दल उभं राहिलं. मग हार्वेची गोष्ट सांगितलीस. ३१ मे १९१६, पहिल्या महायुद्धातली जटलंडची लढाई, ब्रिटिशांच्या ‘लायन’ जहाजाच्या मधल्या तोफघरात सगळे मरीन. वर गोळा फुटला, मेजर हार्वे मरणाच्या दारात, तरी दारूकोठाराची दारं लावून आत पाणी सोडायचा हुकूम त्याने दिला. जहाज वाचलं. त्याच दिवशी तशीच तीन ब्रिटिश जहाजं स्फोटाने गेली.

ती गोष्ट ऐकून मला झोप लागली नव्हती. दारूकोठारात पाणी सोडायचे वॉल्व मी स्वतः खोलून साफ केलेत, रे. गंज खरवडायचा, सीट घासायची, चाक एका हाताने फिरलं पाहिजे, मगच सोडायचं. आत कुणाचा तरी मुलगा असेल, एवढंच मनात असायचं. पण हार्वे आपल्या जहाजाच्या पोलादाच्या आत होता. आम्ही जे पोलाद जपलं ते मागे सोडून तू जेमिनीतून, त्या रबरी बोटीतून, जातोस आणि परक्या जहाजाच्या भिंतीला लोंबकळतोस. वर कोण उभं आहे ते शिडीवरून दिसत नाही. पुन्हा तिथेच आलो बघ.

हातमोजे ओले झाले की बदल. झोप मिळेल तेव्हा घे. पुढच्याने खूण केल्याशिवाय... पण पुढे तूच असतोस. जाऊ दे, माफ कर, तुझ्या उस्तादांना हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. आंग्र्यांची माणसंही गलबतातून जाऊन शत्रूच्या जहाजावर अशीच चढायची, त्यांतही कुणीतरी पहिला असणारच. त्याच्या बापाने काय केलं असेल?

पोलादाच्या आत राहूनही भरवसा नसतो म्हणा. १९७१ ला मी सात वर्षांचा. खिडक्यांना काळा कागद, दिवे बंद. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा भाऊ त्यांत होता. त्यांचं दार कितीतरी दिवस उघडंच असायचं. आई मला तिथून हात धरून भराभर न्यायची.

२०२४ च्या जानेवारीत अपहरण झालेल्या ‘लीला नॉरफोक’ या मालवाहू जहाजाची बातमी टीव्हीवर आली तेव्हा मीही आपलं दार उघडं ठेवून बसलो होतो. आपल्या ‘चेन्नई’ युद्धनौकेवरचे कमांडो चढले, २१ खलाशी सुटले, त्यांत १५ आपले. तू त्यांत होतास की नाही, तू सांगितलं नाहीस. पण दुसऱ्या दिवशी मी डॉकयार्डातल्या शॉपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, विचारलं, तर नुसतंच ‘घ्या’ म्हणालो.

बॅगेत मोज्यांच्या कप्प्यात निळी डबी आहे. आईने नारळाचं मुठेल ठेवलंय, तुझ्या आजीच्या वेळेसारखं. रात्री कोमट करून तळहातांना चोळ. मी काल देणार होतो, तेवढ्यात तू उठलास.

तुझा,
बाबा