सात महिन्यांत कारागीर घडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल-संगणकात लागणाऱ्या चिपच्या कारखान्यांच्या बातम्या आणि त्यावर येणारी वाचकांची पत्रं मी आपल्या अंकात नेमाने वाचतो. धोलेऱ्याला ९१,००० कोटी, आसामात जागीरोडला २७,००० कोटी, साणंदला एकामागून एक कारखाने. पत्रांचा सूर बहुतेक एकच असतो: तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा चिप-प्रकल्प २०२२ साली गुजरातला गेला, महाराष्ट्राच्या तोंडचा घास पळवला. त्या प्रकल्पातून फॉक्सकॉन कंपनी २०२३ च्या जुलैत बाहेर पडली, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. घास कुणाच्या ताटात गेला यावर आपण तीन वर्षं भांडलो. स्वयंपाक कसा होतो ते कुणी विचारलं नाही, म्हणून हे पत्र.

मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं टर्नर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, म्हणजे लेथवर धातू कातायला शिकवणारा. चिप कशी बनते यातलं मला पुस्तकी ज्ञान नाही. पण माझी लेक आणि जावई तैवानमध्ये शिन्चूला असतात आणि बाळंतपणाच्या निमित्ताने आम्ही दोघं तिथे तीन महिने राहून आलो. सगळ्या जगाच्या चिप-धंद्याचं हे माहेरघर. गावाचं स्वतःचं नाव मात्र वाऱ्यासाठी. पावसाळा सरला की असा वारा सुटतो की दोरीवरचं धुणं दोन तासांत कडकडीत वाळतं. या वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवायचा धंदा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी शेवया वाळत घालतात तसाच, पण धंदा म्हणून. दुसरा जुना धंदा काचेचा. जवळपास सिलिकाची वाळू आणि नैसर्गिक वायू मिळायचा म्हणून तो वाढला. काचेचं एक छानसं संग्रहालयही आहे. चिपच्या कारखान्यांचं विज्ञान उद्यान यायच्या आधीचं शिन्चू ते एवढंच.

बायको नातवात रमली. मी रोज सकाळी फिरायला जायचो. लेकीच्या घरापासून चालत निघालं की आधी त्सिंग-हुआ विद्यापीठ, त्याला लागून च्याओ-तुंग विद्यापीठ आणि पुढे कारखान्यांचं उद्यान. तिन्ही पायी फिरता येतील इतकी जवळ. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, सरकारने जमीन दिली, वीज-पाणी दिलं, कंपन्या आल्या, झालं. आपल्याकडच्या एमआयडीसीसारखंच, फक्त झाडं जास्त. हा समज शेजाऱ्यांनी मोडला.

शेजारचे एक गृहस्थ, माझ्याच वयाचे. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी नाही. पण हाताकडे बघून कारागिराला कारागीर ओळखू येतो. त्यांच्या बोटांवर जुने डाग होते आणि माझ्या डाव्या तळव्यावर १९८९ सालचा चिपचा वण आहे. लेथवर धातू कापताना जी गरम भिंगरी उडते तिलाही आम्ही चिपच म्हणतो. लेक मध्ये बसून दोघांचं बोलणं उलगडायची. ते तरुणपणी गोंग-यान-युआनमध्ये तंत्रज्ञ होते. औद्योगिक तंत्रज्ञान संशोधनाची ही सरकारी संस्था १९७३ साली सुरू झाली. तिचा मोठा परिसर शिन्चूजवळच्या जुतुंगला आहे.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर लेकीकडून आणि वाचून पडताळलं. १९७४ च्या फेब्रुवारीत तैपेईतल्या सोयाबीनच्या दुधाच्या एका दुकानात सात माणसं न्याहारीला जमली. त्यात तेव्हाचे अर्थमंत्री सुन युन-श्वान होते आणि अमेरिकेत आरसीए कंपनीत काम करणारे पान वेन-युआन होते. तैवानने चिप बनवायला शिकावं, चार वर्षं आणि एक कोटी डॉलर लागतील, हा हिशोब त्या न्याहारीवर मांडला गेला. १९७६ मध्ये या संस्थेने तरुण अभियंत्यांना आरसीएच्या कारखान्यांत शिकायला पाठवलं. ते परत आले आणि पुढच्याच वर्षी जुतुंगला एक लहानसा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. त्यात मनगटी घड्याळाच्या चिप बनत. काही महिन्यांतच ज्या कंपनीकडून शिकले तिच्यापेक्षा यांचा माल कमी बाद होऊ लागला.

तिथवरची गोष्ट मलाही ऐकून थोडीफार ठाऊक होती. खरी गोष्ट त्याच्या पुढची. ही माणसं तयार झाल्यावर सरकारने त्यांना बांधून ठेवलं नाही. १९८० साली संस्थेतूनच यूएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली, माणसं आणि तंत्र दोन्ही घेऊन. त्याच वर्षी डिसेंबरात विज्ञान उद्यान सुरू झालं. म्हणजे शिकलेली माणसं आधी आणि कुंपण नंतर. १९८५ मध्ये अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये उभी हयात घालवलेले मॉरिस चांग या संस्थेचे प्रमुख होऊन आले आणि १९८७ मध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या चिप बनवून देणारी टीएसएमसी निघाली. तिच्यातही निम्म्याच्या आसपास पैसा सरकारचा, सव्वासत्तावीस टक्क्यांच्या वर फिलिप्सचा, आणि सुरुवातीचा कारखाना व बरीचशी माणसं या संस्थेचीच. आज टीएसएमसीचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आरसीएत शिकून आलेल्यांपैकी त्साय मिंग-काय पुढे यूएमसीत गेले आणि १९९७ मध्ये तिथून चिपची रचना करणारी मीडियाटेक वेगळी झाली. आपल्या निम्म्या मोबाइल फोनच्या जाहिरातीत हे नाव असतं. एका झाडाला फांदी, फांदीला फांदी.

माझे शेजारी काही मोठे उद्योगपती झाले नाहीत. त्यांचं काम निर्वात पंपांचं, म्हणजे चिपच्या यंत्रांतली हवा उपसून काढणाऱ्या पंपांचं. त्यांच्या सांगण्यानुसार पहिली तीन वर्षं त्यांनी मुख्यतः ऐकलं: कुठला पंप कसा वाजतो, बिघडण्याआधी आवाजात काय फरक पडतो. मग ते एका कंपनीत गेले, दहा वर्षांनी दोन सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडून पंप धुण्या-दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. मोठ्या कारखान्यात मध्यरात्री पंप बसला की वीस मिनिटांत यांचा माणूस दारात. एका कारखान्यामागे अशी लहान वर्कशॉपं किती असतील याचा त्यांना स्वतःलाही हिशोब नव्हता. कुणी फक्त क्वार्ट्झच्या नळ्या धुतो, कुणी फक्त झडपा बसवतो. याला म्हणायचं समूह. एका कुंपणात दहा कंपन्या शेजारी शेजारी उभ्या केल्या की होते ती वसाहत.

आणि संपादक महोदय, हे ऐकताना मला सारखं कोल्हापूर आठवत होतं. माझे वडील मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारे होते. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत वाळूत हात घालून त्यांनी बावीस वर्षं काढली. त्यांच्या मालकाने स्वतः दुसऱ्याच्या भट्टीवर मिस्त्री म्हणून सुरुवात केली होती. आणि वडिलांच्या हाताखालच्या दोघांनी पुढे शिरोलीला आपल्या भट्ट्या लावल्या. मालकाने त्यांना शिव्या दिल्या असतील, पण पहिली ऑर्डरही त्यानेच दिली, कारण हात माहीत होता. शाहू महाराजांच्या काळापासून आलेल्या या शहराच्या उद्योगवृत्तीतून, ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर, आपला कास्टिंगचा समूह असाच वाढला. पुण्यात टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) प्रशिक्षण विभागातून घडून निघालेल्यांनी भोसरीत शेड घेतल्या, त्याचीही गोष्ट हीच. शिन्चूने जे निर्वात पंपावर केलं ते आपण बिडाच्या ओतकामावर केलेलं आहे. आपल्याला हे शिकायला तैवानला जायची गरज नव्हती, मलाही नव्हती.

मग आता का होत नाही? माझ्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण सांगतो. कागल बाजूचा, वर्गात पहिला, हात असा की शंभरातल्या दोन मुलांचा असतो. आयटीआय होऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत त्याने पाच कारखाने केले. प्रत्येक ठिकाणी सात महिने, मग ब्रेक. वर्षात २४० दिवस भरले की कामगार कायद्याचे हक्क लागू होतात, ते भरू नयेत म्हणून हे सात महिन्यांचं गणित असतं, हे औद्योगिक वसाहतीत चहावाल्यालाही माहीत आहे. प्रत्येक ठिकाणी त्याला सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर उभं केलं. जॉब लावायचा, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा. ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, सेटरने बघायची, प्रोग्राम साहेबाने. टूल झिजलं की आवाज बदलतो हे मी त्याला वर्गात शिकवलं होतं, पण ते त्याच्या कानात मुरायला एकाच मशीनपाशी दोन वर्षं उभं राहावं लागतं. ती दोन वर्षं त्याला कुणी दिली नाहीत. तो काहीही सोबत घेऊन बाहेर पडत नाही. म्हणून तो उद्या शेड घेऊ शकत नाही, कुणाला शिकवू शकत नाही. शिन्चूतही माणूस कंपनी सोडतो, पण शिकून सोडतो. आपल्याकडे शिकायच्या आत त्याला सोडतात. या दोन सोडण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते एवढंच.

देशाने चिपसाठी २०२१ च्या डिसेंबरात ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. चिपची रचना करणारे ८५,००० अभियंते तयार करायचा वेगळा कार्यक्रम आहे. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण मशीनपाशी उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाबद्दल इतक्याच ठसठशीतपणे कुणी बोलताना मी ऐकलं नाही. आणि आयटीआयची अवस्था मला विचारा. एका संस्थेत, नाव लिहीत नाही, एक चांगलं सीएनसी लेथ एका इलेक्ट्रॉनिक कार्डापायी दोन वर्षं ताडपत्रीखाली होतं. मंजुरी येईतो मुलांच्या दोन बॅचेस फळ्यावरची आकृती बघून पास झाल्या. त्या मुलांना मी आजही तोंड दाखवायला कचरतो.

आपण उशिरा निघालो असंही नाही. मोहालीचा सरकारी सेमीकंडक्टर कारखाना १९८४ मध्ये चिप बनवू लागला होता. तेव्हा टीएसएमसी जन्माला यायची होती. १९८९ च्या आगीने तो मोडला, हे खरं. पण आग लागण्याआधी आणि नंतरही त्या एका कारखान्यातून शेजारी दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं काही उगवलं नाही. तिथल्या लोकांनी इस्रोसाठी चांगलं काम केलं, आजही करतात. फक्त ते काम त्या भिंतींच्या आत राहिलं.

शिन्चूत सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. जावई रात्री दोन वाजता फोन आला की उठून जातो. घरांच्या किमती ऐकून माझी झोप उडाली. आणि एक गोष्ट मला शेतकऱ्याच्या घराण्यातला माणूस म्हणून टोचली. २०२०-२१ च्या दुष्काळात तिथे भाताचं पाणी तोडलं. शिन्चू भागातल्या शेतकऱ्यांनाही जमीन पडीक ठेवायला सांगितलं, नुकसानभरपाई दिली, आणि कारखान्यांसाठी टँकर लावले, ताओयुआनहून पाइपलाइन आणली. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं आणि ते फार लागतं. भरपाई मिळाली तरी ज्या शेतात पेरणी झाली नाही ते बघत बसणं काय असतं, हे आमच्या जत-आटपाडीच्या पाहुण्यांना सांगायची गरज नाही. आपल्याकडे कारखान्याची घोषणा होते त्याच दिवशी पाण्याचा ताळेबंदही छापून आला पाहिजे: कुठल्या धरणातून, किती, आणि दुष्काळात आधी कुणाचं तोडणार.

जागीरोडबद्दल एक वाचून बरं वाटलं होतं. ती जागा बंद पडलेल्या नगाव कागद कारखान्याची आहे. २०१७ साली तो थांबला तेव्हा तिथले फिटर, बॉयलरवाले, इलेक्ट्रिशियन घरी बसले. वाफेच्या आवाजावरून लाइन ओळखणारी ती माणसं. त्यांच्या मुलांना नव्या कारखान्यात कायमची जागा मिळते की सात महिन्यांची, यावर तिथे पुढच्या पंधरा वर्षांत आजूबाजूला वर्कशॉपं उगवतील की नाही ते ठरेल, असं मला वाटतं.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपले वार्ताहर या प्रकल्पांच्या पत्रकार परिषदांना जातात. कोटींचा आकडा ते विचारतीलच. त्यांनी पुढच्या वेळी हेही विचारावं की तंत्रज्ञ किती घेणार, किती वर्षांच्या करारावर घेणार, आणि जवळच्या आयटीआयला कुठलं मशीन देणार. उत्तर आलं तर छापा. आलं नाही तर विचारलं होतं, एवढं तरी छापा.

माझा तो कागलचा विद्यार्थी गेल्या महिन्यात चिपच्याच एका कारखान्यासाठी मुलाखत देऊन आला. जाताना मला भेटला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, पगार दोन हजार कमी असला तरी चालेल, पण करार किती दिवसांचा ते आधी विचार. त्याने विचारलं. दोन वर्षांचा आहे म्हणाले. आता तो निघण्याची तयारी करतोय आणि त्याने माझ्याकडून मायक्रोमीटर मागून नेला आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कोल्हापूर