दुपारी माना टाकणाऱ्या झाडांबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो मिळाले. काकडीची पानं दुपारी लोळागोळा, टोमॅटोची फुलं देठासकट गळालेली, दुधीची बाळफळं पिवळी पडून सुकलेली, मिरचीच्या शेंड्याची पानं आकसलेली. आणि या सगळ्यावर तुझा उपाय एकच: दिवसातून तीनदा पाणी. तेव्हा आधी पाण्याचंच बोलू, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. काकडी, दुधी, भोपळा यांची पानं रुंद. कडक उन्हात त्यांतून जेवढं पाणी उडून जातं, तेवढं मुळं त्याच वेगाने वर पोचवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. ऊन कललं की तीच पानं आपोआप उभी राहतात. म्हणून परीक्षा सकाळी घ्यायची. उजाडताना पानं ताठ असतील तर झाड ठीक आहे, दुपारी कितीही केविलवाणं दिसलं तरी त्याला हात लावू नकोस. सकाळीही मलूल दिसलं तर बोट मातीत दोन पेरांपर्यंत खुपस. कोरडं लागलं तर खरी तहान. गार, चिकट लागलं आणि मातीला आंबूस वास आला तर मुळं गुदमरली आहेत. मातीतल्या पोकळ्यांत हवा लागते. त्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे पाण्यात उभं असलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच कोमेजतं. तिथे आणखी पाणी ओतणं हाच सगळ्यात मोठा घात. फोटोत खालची पानं पिवळी दिसताहेत, त्यामुळे मला तुझ्या कुंड्यांबद्दल हीच शंका आहे.

किती पाणी, याचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. भाजीच्या वाफ्याला साधारण हवेत आठवड्याला २५ मिलिमीटर धरतात, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. भर उन्हाळ्यात, त्यातून कोरडा वारा असेल तर, हे ४०-५० लिटरपर्यंत जातं. ते रोज शिंपडायचं नाही, आठवड्यात दोन-तीन पाळ्यांत द्यायचं. रोजच्या शिंतोड्याने वरची दोन इंच माती तेवढी भिजते, मुळं तिथेच घुटमळतात, आणि नेमका तोच थर दुपारी सगळ्यात जास्त तापतो. पाणी दिल्यावर तासाभराने वाफ्याच्या कडेला खुरप्याने उकरून बघ, ओल १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलेली दिसायला हवी. जमीन रेताड असेल तर पाळ्या जास्त आणि दर पाळीला पाणी कमी. चिकण असेल तर उलट, आणि सावकाश, नाहीतर पाणी वरून वाहून जाईल.

कुंडीचा न्याय वेगळा. मातीच कमी, त्यामुळे साठाही कमी. लहान कुंड्यांना या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकतं. पण दर वेळी बोट घालून किंवा कुंडी थोडी उचलून बघायचं. हलकी लागली तर पाणी, जड असेल तर पुढच्या वेळी. द्यायचं तेव्हा तळाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेल्या कुंड्यांत एक फसवणूक होते. मिश्रण पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी शोषून घेईनासं होतं. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून लगेच वाहतं, आणि आपल्याला वाटतं कुंडी भरली. आतला गड्डा मात्र कोरडा ठणठणीत. तशी कुंडी निम्मी बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास ठेव, वरची माती ओलसर दिसली की बाहेर काढून निथळू दे. उचलण्याजोगी नसेल तर काडीने पाच-सहा भोकं पाड, फट बोटांनी दाबून बुजव आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा थोडंथोडं पाणी दे.

पाण्याची वेळ सकाळी, ऊन चढायच्या आत. संध्याकाळही चालते, फक्त पानं भिजवू नकोस. रात्रभर ओली राहिलेली पानं बऱ्याच बुरशींना आवडतात. दुपारी पानांवर पडलेल्या थेंबांनी भिंगासारखं ऊन एकवटून पानं भाजतात असं लोक छातीठोकपणे सांगतात, त्यात फारसा अर्थ नाही. दुपारी टाळायचं ते पाणी वाया जातं म्हणून, आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं म्हणून. नळी कधीही वापर, पहिलं गरम पाणी बादलीत सोडून दे.

दोन-चार दिवस बाहेर जायचं असेल तर ठिबकच्या खटाटोपापेक्षा मडकं बरं. आतून-बाहेरून न रंगवलेलं, झिलई नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात. भोवतालची माती सुकेल तसं पाणी पाझरतं, ओल असेल तर थांबतं. वेलभाज्या त्याच्या कडेला लावल्या की मुळं आपणहून मडक्याला वेढून बसतात. कालांतराने पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात. पाणी उतरायचं थांबलं की काढून घासायचं, तेवढ्याने भागलं नाही तर बदलायचं.

आता आच्छादन. माझ्या मते उन्हाळ्यात एकच काम करायला सवड असेल तर हे कर. वाळलेला पालापाचोळा किंवा पेंढा, ५ ते ८ सेंटिमीटर जाड. आधी माती पूर्ण भिजवायची, मग पसरायचं. कोरड्या मातीवर पसरलंस तर वरून दिलेलं थोडं पाणी आच्छादनच पिऊन टाकतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोड, चिकटून राहिलं तर खोड कुजतं आणि गोगलगायींना आयती जागा होते. कापलेलं गवत वापरणार असशील तर दोन दिवस वाळवून पातळ थरात टाक. ओल्या गवताचा जाड थर तापतो आणि त्याची चिकट चटई होते, मग पाणी खाली उतरत नाही. कुंड्यांनाही हेच, शिवाय बाहेरून गोणपाट गुंडाळ किंवा मोठ्या रिकाम्या कुंडीत लहान कुंडी ठेव. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी हात लावून बघ, त्या बाजूची मुळं का मरतात ते कळेल. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेव आणि एकमेकींना खेटून ठेव, म्हणजे ऊन फक्त कडेच्या ओळीला लागेल.

शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, पालेभाज्यांना ५० टक्क्यांची, टोमॅटो-मिरचीला ३०-३५ टक्क्यांची; टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते ते. बाजारात ७५ चीही मिळते, ती फळभाज्यांवर घालू नकोस, झाडं उंच, लुकडी होतात आणि फुलं येत नाहीत. नेट झाडांच्या शेंड्यांपासून किमान दोन फूट वर हवी, टेकली तर खाली हवा कोंडते. सगळं झाकायचंही कारण नाही. मारक असतं ते दुपारनंतरचं ऊन, म्हणून नुसती पश्चिमेला उभी पट्टी लावलीस तरी मोठा फरक पडतो. भेंडी, गवार, चवळी यांना नेट नकोच.

टोमॅटोची फुलगळ पाण्याने थांबणार नाही. दिवसाचं तापमान ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्रीचंही २२-२४ च्या खाली उतरत नसेल तर परागकण निकामी होतात, फलधारणा होत नाही आणि झाड फूल टाकून देतं. अशा वेळी जास्त खत घालून फक्त पानं वाढतात. नेट लाव, मुळं गार ठेव आणि हवा बदलेपर्यंत झाड निरोगी ठेव, पुढची फुलं धरतील. झाडावरची फळं पिवळट-नारिंगी राहताहेत, त्याचंही कारण उष्णताच. ३० अंशांच्या वर तांबडा रंग नीट तयार होत नाही. बुडाला गुलाबी झाक आली की तोडून घरात सावलीत ठेव, छान पिकतात. फ्रीजमध्ये मात्र नको.

बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग असलेली दोन फळं तू रोग समजून फेकलीस. तो रोग नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं. एक दिवस कोरडं, एक दिवस पूर असं पाणी मिळालं की त्याचा पुरवठा तुटतो, आणि टोक सगळ्यात लांब असल्याने तिथे आधी कमी पडतं. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं. अंड्याची टरफलं कुटून घालायला हरकत नाही, पण ती विरघळायला फार वेळ घेतात, या हंगामातला डाग त्यांनी जाणार नाही. पाणी नियमित कर. आणि हवा खेळावी म्हणून टोमॅटोची पानं छाटत सुटू नकोस. पानांची सावली गेली की फळाची उन्हाकडची बाजू पांढरी, कागदासारखी होते.

दुधीच्या पिवळ्या बाळफळांची दोन कारणं असू शकतात. फळावर बारीक टोच आणि डिंकाचा थेंब दिसतो का बघ. दिसला तर फळमाशी. फळ कापलंस तर आत पांढऱ्या अळ्या सापडतील. असली फळं खताच्या ढिगात टाकू नकोस, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेव. नवी फळं धरल्याबरोबर कागदी पिशवीत घाल. टोच नसेल तर परागीकरण झालेलं नाही. मादी फुलाच्या मागे इवलं फळ असतं, नराच्या मागे नुसता बारीक देठ. वेलीला आधी नर फुलं येतात आणि उष्ण, मोठ्या दिवसांत त्यांचंच प्रमाण वाढतं, त्यामुळे सुरुवातीला नुसती नर फुलं दिसली तर घाबरू नकोस. मादी फूल उमललं की ताजं नर फूल तोड, पाकळ्या मागे दुमड आणि मधला परागांचा दांडा मादीच्या मधल्या भागावर सगळीकडून हलकेच फिरव. काकडी, कारलं, भोपळा यांचं हे काम सकाळी. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात. सकाळी जाऊन बघितलंस तर वेळ टळलेली असते.

खतात हात आखडता ठेव. कोमेजलेल्या झाडाला खत कधीच नाही; कोरड्या मातीत क्षार वाढले की ते मुळांतलंच पाणी बाहेर ओढतात आणि पानांच्या कडा करपतात. १२ इंची कुंडीला तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत पुरे, तेही पाणी दिल्यानंतर. द्रवखत नेहमीच्या निम्म्या ताकदीचं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल तर महिनाभर खत बंद, आणि एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून ते सगळं खालून निघून जाऊ दे.

तोडणी रोखू नकोस. भेंडी एक दिवसाआड तोडायलाच हवी, झाडावर दोन भेंड्या जून झाल्या की नवीन कळ्या कमी होतात. कोथिंबीर आणि पालक या दिवसांत लवकर फुलावर जातात, त्यांच्या मागे लागू नकोस. पालेभाजी हवीच असेल तर माठ आणि मायाळू ऊन सोसतात. नवी रोपं लावायची असतील तर संध्याकाळी लाव आणि चार-पाच दिवस सावलीत ठेव.

राहिली मिरची. पानं वरच्या बाजूला, होडीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे; खाली वळून अरुंद, जाडसर झाली असतील तर कोळी, म्हणजे जाळी विणणारा घरातला कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदी झटक. लांबट, झटकन पळणारे ठिपके फुलकिड्यांचे. मिरचीवरचा कोळी साध्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, त्याला भिंग लागेल. काकडी-वांग्यावरच्या लाल कोळ्याची खूण निराळी: पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं. तो धूळ आणि कोरड्या हवेत वाढतो आणि उष्ण हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार करतो. पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोरदार फवारा, सलग तीन दिवस. तेवढ्याने आटोक्यात आला नाही तर लिटरभर कोमट पाण्यात आधी १-२ मिलिलिटर पातळ साबण, मग ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, नीट ढवळून दुधाळ झाल्यावर, ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर. आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघ. ते मिश्रण लगेच वापरायचं, साठवायचं नाही, आणि दर ४-५ दिवसांनी असं तीनदा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. वेलींवर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी भुकटीसारखी बुरशी, आली म्हणून गंधक मारणार असशील तर तेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेव, आणि ३२ अंशांच्या वर गंधक मारूच नकोस, पानं भाजतात.

तुझ्या फोटोत मिरचीची पानं नेमकी कुठे वळली आहेत ते कळत नाही. शेंड्याचं एक पान उलटं करून, जवळून आणि सावलीत फोटो काढून पाठव. तोवर फवारणी नको, आणि कुंड्यांचं पाणी बोट घालून बघितल्याशिवाय नको.

तुझा,
मित्र