गड्ड्यातली गर्दी आणि बेरिलियम

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. प्रबंधातल्या आभारांच्या पानात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ती मला पुरली नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हलक्या अणुकेंद्रांतले क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण, घेतले, तेव्हा सोलापुरात या विषयावर कुणाशी बोलावं हे मला कळत नव्हतं. तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी दर रविवारी सकाळी ओट्यावर फळा मांडलात. पैसे घेतले नाहीत. उलट काकू शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ल्याशिवाय उठू देत नसत.

१९८३ चा सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचा प्रयोग तुम्हीच मला नीट शिकवलात. म्यूऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा, मारा लोखंडावर आणि ड्यूटेरियमवर (जड हायड्रोजनवर) केला. केंद्रात बांधणारी ऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे, म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे, जेमतेम ८ एमईव्ही, प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या त्याच एककात ९३८. एवढ्याशा बंधनानं आतल्या क्वार्कना काय फरक पडणार, असंच सगळे धरून चालले होते. पण फरक पडला! लोखंडातल्या क्वार्कची वागणूक ड्यूटेरियममधल्यापेक्षा वेगळी निघाली. मग केंद्र जितकं दाट तितका परिणाम मोठा, असं मी मानलं आणि बेरिलियमपाशी अडले. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबची २००९ ची मोजमापं समोर होती. बेरिलियमची सरासरी घनता कमी, परिणाम मात्र कार्बनच्या आसपास. तीन आठवडे गणित तपासलं, चूक सापडेना. विषय सोडते, हे सांगायलाच त्या रविवारी आले होते.

तुम्ही एवढंच विचारलंत, "होम मैदानावरची गड्ड्यातली, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतली, गर्दी कशी मोजशील? माणसं भागिले मैदान?"

मी हो म्हटलं.

"मग पाळण्यापाशी श्वास का कोंडतो गं?"

बेरिलियम-९ म्हणजे अल्फा कणांसारखे (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) दोन घट्ट पुंजके आणि एक सुटा न्यूट्रॉन. केंद्र पसरट, तरी बहुतेक न्यूक्लिऑन दाटीतच उभे. शोधनिबंधात हे लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. समजलं मात्र तुमच्या ओट्यावर. माझा पुढचा सगळा अभ्यास तिथून निघाला. सगळेच न्यूक्लिऑन थोडे थोडे बदलतात, की अगदी जवळ आलेल्या मोजक्या जोड्याच खूप बदलतात? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मी त्यातच काम करते आहे.

संक्रांतीला घरी येते आहे. प्रबंधाची प्रत आणते. तिसरं प्रकरण आधी वाचा आणि फळा पुसून ठेवा. जोड्यांच्या गणितात मला एक शंका आहे.

तुमची विद्यार्थिनी