रविवारी फोटो एडिटिंगची बैठक: नवीन सभासदांसाठी

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सकाळी १० वाजता साताऱ्यात, नेहमीच्याच जागी. लॅपटॉप, चार्जर आणि शक्य असेल तर एक्स्टेन्शन बोर्डही आणा; तिथे प्लग दोनच आहेत.

"कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतंच. घाईने पैसे भरू नका. फोनवर स्नॅपसीड, कॉम्प्युटरवर गिम्प किंवा डार्कटेबल, तिन्ही फुकट. लाइटरूम शिकायला सोपं, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो) असेल तर डार्कटेबल, नको ती वायर किंवा डाग खोडायचा असेल तर गिम्प. डार्कटेबलची बटणं बघून दचकाल (मी आठवडाभर उघडलंच नव्हतं). सुरुवातीला एक्स्पोजर (फोटोचा उजेड), व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून) आणि क्रॉप (कडा कापणं), एवढंच हाताळा.

सॅच्युरेशनपासून, म्हणजे रंग भडक करण्यापासून, जरा लांब. मागे कासच्या तेरड्याचा फोटो मी इतका रंगवला, की घरच्यांनी विचारलं, "पठारावर गुलाल कुणी उधळला?"

येताना तीन फोटो मूळ फाइलसकट आणा. व्हॉट्सॲपवरून आलेले नकोत, ते दाबून बारीक झालेले असतात. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कुणीही पेनड्राइव्हवर आणू नये, ही विनंती.