सोळा मिलिमीटरची नळी

नागपूर,
१२ जून

प्रिय सुध्या,

स. न. वि. वि. वगैरे. फोनवर सांगायला घेतलं की "लाइन आली, मोटर लावाले जातो" म्हणून तू मधेच पळतोस. म्हणून लिहितोय. रात्रपाळीच्या विजेची वाट बघत बांधावर बसशील तेव्हा निवांत वाच.

मार्चमध्ये तू म्हणाला होतास, "कॉम्प्युटरात पाणी? काहून बे, डोकं ठिकाणावर हाय ना?" तेव्हा हसून वेळ मारून नेली होती. आता काम झालंय. अकरा दिवस मशीन चालू आहे, बाहेर एक थेंब नाही. आणि खरं सांगायचं तर यातलं अर्धं काम मी तुझ्याच बागेत शिकलो होतो, फक्त तेव्हा ते कळलं नव्हतं.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो. माझा धंदा तुला माहीत आहे, बिल्डरांची न बांधलेली घरं बांधून दाखवायची. रात्री रेंडर लावायचा, म्हणजे कॉम्प्युटरला एकेक चित्र रंगवायला बसवायचं, आणि सकाळी उठून तयार चित्रं, म्हणजे फ्रेम, मोजायच्या. त्यासाठी एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०९०. त्याची मेमरी २४ जीबी. सोसायटी, बाग, झाडाझाडाचं पान असा सगळा पसारा कमी मेमरीत मावतच नाही. पण हे कार्ड एकटं ३५० वॅट खातं. जोडीला रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर, पूर्ण जोर लावला की १४२ वॅट. म्हणजे जवळपास ५०० वॅटची शेगडी रात्रभर माझ्या टेबलाखाली पेटलेली. त्यातून या कार्डाची एक खोड अशी की मेमरीच्या अर्ध्या चिप्स पाटीच्या मागल्या अंगाला आहेत आणि पंखे पुढच्या अंगाला. एप्रिलअखेरीस दुपारी मेमरी १०४ अंशांवर गेलेली पाहिली. ११० ला ती स्वतःच हातपाय गाळते. पंख्यांचा आवाज असा की आई देवघरातून विचारायची, "मिक्सर कोनं लावला एवढ्या वेळचा?"

तर आता पाण्याची बाजू. प्रोसेसरवर तांब्याचा एक ब्लॉक, कार्डावर दुसरा. त्यातून पाणी फिरतं, उष्णता उचलतं, दोन रेडिएटरांत नेऊन टाकतं आणि टाकीमार्गे परत पंपात येतं. तेवढंच. जागा तेवढीच धरली तर हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता पाणी वाहून नेतं, म्हणून हा खटाटोप. नळी घेतली काळ्या रबराची, ईपीडीएम म्हणतात तिला. आतून १० मिलिमीटर, बाहेरून १६. हो, तुझ्या ठिबकच्या लॅटरल नळीएवढीच! पार्सल उघडलं आणि पहिल्यांदा तुझीच आठवण आली. लोक पारदर्शक कडक नळ्या गरम करून वाकवतात, आत रंगीत पाणी सोडतात, दिवे लावतात. दिसायला झकास. पण मला गणपतीची आरास करायची नव्हती.

पंप डी५ जातीचा. १२ व्होल्टचा, मुठीत मावेल एवढा, वीस-बावीस वॅटांचा. कागदावर तासाला १,५०० लिटर. पण ब्लॉकच्या बारीक चिरांतून आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून जाता जाता माझ्याकडे मिनिटाला चारेक लिटर उरतात. तुझ्या साडेसातच्या सबमर्सिबलला हसू येईल. पण नियम तोच: कोरडा चालवायचा नाही. त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच.

पाणी कोणतं, यावर घरात दोन दिवस चर्चा. बाबा म्हणाले आरओचं घाल. त्यातही क्षार राहतातच. शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडून पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. त्यातलं बरंचसं रेडिएटर धुण्यातच गेलं. नवाकोरा रेडिएटर, अर्धा भरायचा, दोन्ही तोंडं बंद करून लहान पोरासारखा हलवायचा आणि पांढऱ्या टोपल्यात ओतायचा. पहिल्या खेपेला राखाडी पाणी, तळाशी सोल्डरच्या कामातला चुरा. सहाव्या खेपेला स्वच्छ. हे नीट केलं नाही तर तो चुरा ब्लॉकच्या चिरांत जाऊन बसतो, आणि त्या चिरा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. तुझे ड्रिपर चोंदतात तसंच. तू टोकाची एंड कॅप उघडून लॅटरल फ्लश करायचास तेव्हा मला वाटायचं, हा उगाच पाणी सांडतोय.

शेवाळाचीही तीच कथा. तुला गंमत वाटेल, या छंदातले जुने लोक पाण्यात मोरचुदाचे थेंब टाकत. तू संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो लावतोस त्यातलंच मोरचूद! माझ्या ब्लॉकला निकेलचा मुलामा आहे, त्याला ते मानवत नाही म्हणतात. म्हणून मी तयार कूलंट, म्हणजे यासाठीच मिळणारं द्रव, घेतलं. एक गोष्ट मात्र आधीपासून पक्की धरली होती, की रेडिएटरही तांब्या-पितळेचाच. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं की ॲल्युमिनियम झिजत जातं.

मग जोडणी. कार्डाचा मूळ कूलर सोडवताना हात थरथरत होते, लपवत नाही. एका इवल्याशा पंख्याच्या वायरीचं सॉकेट नखाने उचलताना वाटलं, गेलं आता हे. मेमरीवर चिकटवायचे पॅड एक मिलिमीटरचे हवे तिथे दीड मिलिमीटरचा लावला तर ब्लॉक मधल्या चिपवर टेकतच नाही, म्हणून प्रत्येक तुकडा दोनदा मोजला. फिटिंगसाठी हार्डवेअरवाल्याने आठवणीने टेफ्लॉन टेप दिला, तो तसाच पडून आहे. इथले आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. पाणी अडवते ती रबरी रिंग. हाताने आवळायचं, पान्याने नाही. आणि पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की कार्डाकडे, याच्या आकृत्या काढण्यात मी दोन रात्री घालवल्या. मग कागदावर हिशेब केला. ५०० वॅट आणि मिनिटाला चार लिटर, म्हणजे अख्ख्या फेरीत पाण्याचा फरक दोन अंशांहूनही कमी. कुठूनही फिरवा! तुझ्या शेवटच्या झाडाला पाणी कमी मिळतं तशी भानगड इथे नाही, कारण सगळ्यांना तेच पाणी, एकामागून एक.

३१ मेच्या रात्री पाणी भरलं. गळती तपासायची तेव्हा फक्त पंपाला वीज द्यायची, बाकी सगळं मेलेलं ठेवायचं. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरात सोळावी पिन शेजारच्या ग्राउंडला जोडली की तो मदरबोर्डाविना सुरू होतो. प्रत्येक सांध्याला टिश्यू गुंडाळून मी समोर मोढा टाकून बसलो. पंप घरघरला, टाकीतली पातळी दोन बोटं उतरली आणि तिथेच थांबली. नुसता खळखळाट. तेव्हाच तुला फोन लावला होता, रात्री साडेअकराला. तू अर्धवट झोपेत म्हणालास, "हवा धरली असन बे त्यानं. तोंड वर कर." आणि फोन ठेवलास. तुझ्या मेन लाइनला उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह कशाला असतो ते तेव्हा टाळक्यात शिरलं. बावीस किलोचं ते धूड मी पोत्यासारखं मागे कलतं केलं, वरच्या रेडिएटरमधून 'गुळुक' असा आवाज आला आणि पातळी सरकन खाली. हवेच्या बारीक फेसाला निघायला पुढे दोन दिवस लागले.

आणि एक वाजून चाळीस मिनिटांनी कार्डाच्या खालच्या सांध्याचा टिश्यू करडा पडला. मी टॉर्च धरला. फिटिंगच्या कॉलरखाली एक थेंब जमत होता. फुगला, लांबला, सुटला, टिश्यूत जिरला. मग दुसरा. त्या कार्डाचे हप्ते अजून चालू आहेत रे. पंप बंद केला, पाणी काढलं, नळी सुटी केली. कापलेलं तोंड बघितलं तर एका बाजूला मिलिमीटरभर तिरकं. त्यामुळे ती फिटिंगच्या चोचीवर पूर्ण बसलीच नव्हती.

बारावीच्या सुट्टीत तुझ्याकडे ठिबक टाकत होतो, आठवतं? मी कात्रीने लॅटरल सपासप कापत होतो आणि काकांनी मागून येऊन टपली मारली होती. "सरळ काप. तिरप्या तोंडाची नळी जोडावर रडते." चोवीस वर्षांनी रात्री दोनला पुन्हा टपली बसली. नळी काटकोनात कापली, बसवली, चोवीस तास नुसता पंप चालवला. टिश्यू कोरडे. काकांना हे नक्की सांग.

बाबांचं मात्र समाधान होत नाही. ते रोज सकाळी खोलीतल्या कूलरची टाकी भरतात, आणि पाइप हातातच असतो म्हणून मला विचारतात, "यात पानी टाका लागते का आज?" त्यांना सांगून दमलो की कूलरचं पाणी वाळ्यावरून उडून जातं म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षा गार वारा देतो, माझं पाणी बंद नळीतलं, ते उडत नाही, म्हणून ते खोलीपेक्षा गार कधीच होणार नाही. "मंग फायदा काय?" हा प्रश्न रास्त आहे. मी त्यांना पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्मचा दाखला दिला. २०१९ सालचा महासंगणक, त्यालाही पाण्यानेच थंड ठेवतात. "थे सरकारचे पैसे हायेत," ते म्हणाले.

आकडे सांगतो. कूलर लावलेल्या खोलीत दुपारी ३५ अंश. चार तास रेंडर चालल्यावर पाणी ४५, कार्ड ५९, मेमरी ८२. मागल्या बाजूला मी एक ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणि पंखा वेगळा लावलाय, नाहीतर मेमरी इतकी उतरली नसती. आवाज जवळजवळ नाही. आई आता विचारते, "बंद पडलं का ते?" पण खोली पहिल्याइतकीच तापते. ५०० वॅट जातील कुठे? आधी कार्डाच्या अंगावरून खोलीत जायचे, आता रेडिएटरमधून जातात.

खर्च साठ हजारांच्या वर गेला. चांगला हवेचा कूलर प्रोसेसरला पाच-सहा हजारांत आला असता, कार्डाचे पॅड बदलून त्याचाही वेग जरा कमी करता आला असता, आणि चार पैसे गाठीला राहिले असते. कोणी विचारलं तर मी हेच सांगतो: घेऊ नको. तुला मात्र खरं सांगतो, मला मजा आली. वीस वर्षं माउस हलवून जे केलं त्यात कधी हात ओले झाले नव्हते.

पाऊस लागला का तिकडे? इथे ढग येऊन नुसते बघून जातात. मृग बहारासाठी संत्र्याला दिलेला पाण्याचा ताण तुटला की कळव. आणि बोअर अजून किती खोल नेणार आहेस तेही. वरुडात आता आणखी खाली काय उरलंय?

दिवाळीत कूलंट बदलायचंय. तळाशी एक बॉल व्हॉल्व्ह ठेवलाय, तुझ्या एंड कॅपच्या जागी. तेव्हा ये. हलवायला दोन माणसं लागतात, आणि मोढ्यावर बसून घरघर ऐकायला एक जाणकार. येताना तो लॅटरल कापायचा कटर घेऊन ये, पिवळ्या मुठीचा. इथे दुकानात मागितला तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

काका-काकूंना नमस्कार. पोरांना गोड पापा.

तुझाच,
बंड्या