फॅबिओ-ग्रूवरायडर राहिलेच की!

संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीत डीजे लोकांवर अख्खं पान टाकलंत, मस्त वाटलं, पण त्यात फॅबिओ आणि ग्रूवरायडरचं नावच नाही म्हणजे लग्नाला नवरदेवच नाही असं झालं. ही दोघं साउथ लंडनची पोरं, पायरेट (म्हणजे विनापरवाना चालणाऱ्या) रेडिओवर ओळख झाली, मग लंडनच्या हेवन क्लबात 'रेज' नावाची गुरुवारची पार्टी, आधी वरच्या छोट्या बारमध्ये आणि नंतर खाली मेन फ्लोअरवर. तिथे हे टेक्नोच्या रेकॉर्ड्समध्ये ब्रेकबीटवाल्या (म्हणजे तुटक, उड्या मारणाऱ्या ड्रमच्या ठेक्याच्या) रेकॉर्ड्स घुसवायचे, टर्नटेबलचा पिच स्लायडर, म्हणजे रेकॉर्डचा वेग वाढवायची पट्टी, पार ८ टक्क्यांपर्यंत ढकलून, आणि त्यातनंच पुढे 'जंगल' नावाचं वेगवान ड्रमचं नाचायचं संगीत तयार झालं (एकट्या ह्यांच्यामुळे नाही, पण ह्यांच्याशिवायही नाही). पुढे ह्याच संगीतात मोठा कलाकार झालेला गोल्डी तिथेच नाचायला यायचा. १९९३ ला रेज बंद पडलं.

आजच्या पोरांना पेन ड्राइव्ह माहिती, ह्यांच्या बॅगेत डबप्लेट असायच्या, दुकानात न आलेलं गाणं एकाच चकतीवर कापून घ्यायचं, आणि ती इतकी नाजूक की काही डझन वेळा वाजवली की खरखरायला लागते.

१९९८ पासून २०१२ पर्यंत बीबीसी रेडिओ वनवर होते. गंमत म्हणजे आवडी वेगळ्या, फॅबिओचं जरा गोड, सुरेल, ज्याला लिक्विड म्हणतात, आणि ग्रूवरायडरचं एकदम काळंकुट्ट आणि धडाडधूम. मला विचाराल तर दुसरा जास्त आवडतो, बायकोला पहिला, म्हणून गाडीत फॅबिओच लागतो.

– एक जुना वाचक, पुणे