बूट डिकीत ठेवलेत

साउथॅम्प्टन,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

वर्षभर पत्र नाही, रागावला असशील. रागाव. पण आजचं तुझ्याशिवाय कोणाला सांगू? धाकट्याने बॉलिंग सोडली.

दुपारी स्पाइक्स पिशवीत घालून दाराशी ठेवले, कोणाला तरी देऊन टाकायला. मी उजवा बूट बाहेर काढला. अंगठ्यापाशी घासून घासून भोक पडलंय. मागचा पाय फरफटतो ना, माझ्यासारखाच. कॉलेजात मी मोच्याकडून टायरचा तुकडा लावून घेतला होता, आठवतं? पोटात कालवलं रे.

कारण काय, तर कोच म्हणाले, टप्पा छान आहे, पण वेग नाही. सतरा वर्षांचं पोर, धड जेवलं नाही.

मग मी त्याला डेरेक शॅकल्टन सांगायला बसलो. इथल्याच हॅम्पशायर काउंटीचा बॉलर. आला बॅट्समन म्हणून, जोडीला लेगस्पिन. १९४८ मध्ये संघाला सीमर, म्हणजे शिवणीवर चेंडू टाकणारा, हवा होता म्हणून मध्यमगती टाकायला लागला आणि १९४९ ते १९६८, सलग वीस मोसम, दर मोसमाला शंभर विकेटा! एकूण २८५७. १९५५ मध्ये सॉमरसेटचे ८ जण ४ धावांत घेतले. चेंडू हलायचा तो बॅटची कड घेण्यापुरता, आणि पुढचा पुन्हा त्याच जागी.

पोराने विचारलं, "टेस्ट किती?" सात. विकेटा अठरा. तो नुसता हसला. मला उत्तर सुचलं नाही, ते अजून डोक्यातून जात नाही. १९५१ ला दिल्लीत आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी नाबाद १६४ केले, त्या टेस्टमध्ये हा होता. त्यानंतर इंग्लंडला त्याची आठवण झाली ती थेट १९६३ मध्ये, लॉर्ड्सला. अडतीस वर्षांचा होता. चार चेंडूंत तीन विकेटा घेऊन विंडीजचा पहिला डाव गुंडाळला. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? शेवटच्या ओव्हरमध्ये विंडीजचा कप्तान वॉरेल चेंडू हातात घेऊन धावला नि शॅकल्टन रनआउट. वॉरेलही अडतीसचाच!

मला विचारशील तर सात टेस्टनी हा माणूस मोजायचाच नाही. १९६१ ला हॅम्पशायर पहिल्यांदा काउंटी चॅम्पियन झालं, तेव्हा याच्या दीडशेच्या वर विकेटा होत्या. पण हे सतरा वर्षांच्या पोराच्या गळी कसं उतरवू?

तू म्हणणार, मध्यमगती म्हणजे भरताड. मिरजेच्या मॅचला सात ओव्हरांत नऊ धावा दिल्या होत्या मी. तरी मला काढून चेंडू स्वतः घेतलास आणि दोन ओव्हरांत चोवीस दिल्यास. मेलो तरी विसरणार नाही.

वहिनींचा गुडघा बरा आहे ना? नव्या घराचे फोटो पाठव. माझी शुगर ठीक.

एक कर. शनिवारी त्याला फोन कर आणि मिरजेची मॅच तुझ्या तोंडून सांग, त्या चोवीस धावांसकट. माझं ऐकत नाही, काकाचं ऐकेल. तोवर बूट मी गाडीच्या डिकीत लपवलेत.

तुझा,
बाळ्या